दाव्यासाठी काढलेला फोटो

पालनपूर,
२२ एप्रिल १९९२

चि. पमीस,
मोटाभाईचा आशीर्वाद.

तुला दवाखान्यातून सासरी नेऊन बारा दिवस झाले, एक ओळ नाही. तुझ्या सासऱ्यांनी दुधाच्या टँकरवाल्या मफाकाकांबरोबर निरोप धाडला, "पमीवहू बरी आहे." बरी म्हणजे काय? गुडघ्याखाली पाय नाही आणि म्हणे बरी! माझं डोकंच फिरलं.

आता नीट वाच. तेरा वर्षं मी परीखवकिलांच्या कचेरीत कारकुनी करतोय. अपघाताचे किती दावे माझ्या हातांनी टाइप झाले असतील. परक्यांचे पाय, परक्यांचे हात. सख्ख्या बहिणीच्या वेळी गप्प बसलो तर माझ्या नोकरीचा उपयोग काय?

जीप तुझ्या सासऱ्यांची, म्हणजे रुडाबापांची. हाकत होते गेमरकुमार. विमा आहे, उतारूंसकट आहे, पावती मी स्वतः पाहिली. म्हणजे भरपाई द्यायची ती कंपनीनं, तुझ्या घरातून दमडी जायची नाही. अर्जात फक्त एवढं लिहावं लागतं की चूक हाकणाऱ्याची होती. आणि इथंच घोडं अडलंय. पोलिसांच्या कागदाची नक्कल मी काढली. रुडाबापांचा जबाब असा, की नीलगाय आडवी आली, तिला वाचवताना जीप नाल्यात गेली. खाली तुझी सही!

पमी, कसली नीलगाय गं? शुद्धीवर आलीस तेव्हा मला काय म्हणालीस? "साखरपुड्यात यांनी कसुंबा घेतला होता, मान डुलत होती, मी दोनदा हाक मारली." हे तुझे शब्द आहेत, मी विसरलेलो नाही. अफूचं पाणी पिऊन जीप हाकायची आणि वर जनावराचं नाव पुढे करायचं! मलाही तीन बैठकांत आग्रह झालाय. पोटाचं कारण सांगून सुटलो. नाही म्हणायला काय लागतं?

अपघात चार मार्चचा. मुदत सहा महिन्यांची, म्हणजे चार सप्टेंबर. त्यानंतर कंपनीचा वकील हात झटकून मोकळा होईल. तुझा खरा जबाब हवा, बाकी सगळं मी बघतो.

तुझा,
जेसुंग

---

वासणी,
३ मे १९९२

मोटाभाई,
पाया पडते. मनातल्या मनात पडते, कारण आता वाकलं की मी थेट जमिनीवरच जाते.

रागावू नका. कुबड्या बगलेत रुततात, तिथं केसरभाभीनं धाडलेल्या जुन्या साडीच्या घड्या बांधल्यात. अंगणातून न्हाणीपर्यंत जाते. परवा कोंबडीसुद्धा माझ्यापुढून पळाली नाही, ओळखून होती.

सहीचं म्हणाल तर मला सुई टोचलेली होती. बापा आणि पोलीस जमादार खाटेपाशी आले. बापा म्हणाले, "वहू, इथं नाव लिही." मी लिहिलं. मला वाटलं, रक्ताच्या बाटलीसाठी असेल.

आणि कसुंब्याचं तुम्ही शहरात बसून लिहिता. नवरीचा काका स्वतः खळखळ धुतलेला हात पुढे करून उभा होता. ओंजळीत कसुंबा, आजूबाजूला दीडशे पागोटी. "गेमरभाई, माझ्या गळ्याची आण." त्या तळहाताला नाही म्हटलं की माणसं जेवण टाकून उठतात, सोयरीक तिथंच मोडते. यांनी दोन घोट घेतले, मग दुसऱ्या काकाचे दोन. तुमचं पोट दुखतं ते सगळ्यांना ठाऊक झालंय, म्हणून तुम्हाला सोडतात. हसतात ते मागून.

दाव्याचं काही करू नका. बापांना तुमचं बोलणं कुठून तरी कळलं. म्हणाले, "पैसे कंपनीचे असोत नाहीतर सरकारचे, कोर्टात पुकारा माझ्या मुलाच्या नावाचा होणार. बायको नवऱ्यावर, सून सासऱ्यावर!" आपलं साटंलोटं आहे हे विसरू नका. मी इथं आले म्हणून यांची बहीण तुमच्या घरात आली. इथं माझ्यावर आवाज चढला की तिथं केसरभाभीला ऐकू येतो, आणि तिथं तुम्ही काही केलंत की इथं मला. सहा वर्षं असंच चाललंय.

म्हशी आता जाऊबाई दोहतात. दोहायला उकिडवं बसावं लागतं. मी एकदा बसून पाहिलं. चंद्री म्हैस थांबली बिचारी, पण मला पुन्हा उठवायला दोघी लागल्या. चौथ्या दिवशी बापा म्हणाले, "राहू दे, बसून खा." रागावून नाही म्हणाले हो, साधंच म्हणाले.

एक नुसतं विचारते. असे पैसे मिळाले तर कुणाच्या नावावर येतात?

तुमची,
पमी

---

पालनपूर,
११ मे १९९२

चि. पमी,
आशीर्वाद.

तुझा शेवटचा प्रश्न वाचून मी उठून उभा राहिलो. वेडे, तुझ्या नावावर! तुझ्या एकटीच्या. कोर्ट बँकेत ठेव ठेवतं, व्याज तुझ्या हातात. गेमरकुमारांना सही करून काढता येणार नाही, रुडाबापांना तर नाहीच नाही. इथं आमच्या गल्लीत खोली मिळते. शिलाईचं मशीन हातानं फिरवायचंही येतं, पायाचं घ्यायला नको.

मला हवं ते सांगतो. एक, डेरीची वही. तू रोज किती दूध घालत होतीस ते त्यात असणार, कमाई दाखवायला तीच लागते. दोन, पायाचा फोटो. लाज वाटेल, पण परीखसाहेब म्हणतात की हाकिमाला कागदापेक्षा फोटो लवकर कळतो. तीन, तुझा जबाब, खराखुरा.

केसरला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुढच्या आठवड्यात ती तिकडे येतेय. तिला मी सगळं सांगितलंय. माझ्यापेक्षा तीच जास्त तापलीय. म्हणाली, "माझा भाऊ असला म्हणून काय झालं? पाय काय माझ्या बापानं परत आणून दिला?" कागद तिच्याजवळ देतोय, गोधडीत शिवून.

तुझा,
जेसुंग

---

वासणी,
२८ जून १९९२

मोटाभाई,
पाया पडते.

केसरभाभीचं पोट पुढे आणि माझ्या कुबड्या पुढे, आम्ही दोघी चाललो की सगळी वाट अडते. जाऊबाई म्हणतात, दोघी मिळून एक बाई झाली असती. मीही हसले. भाभी मात्र भांडायला उठली. तिचं रक्त फार लवकर तापतं, तुम्ही कसं झेलता?

फोटो काढला. भाभीला तपासायला थराडला न्यायचं म्हणून निघालो आणि फोटोवाल्याकडे शिरलो. भाभीनं पडदा धरला. मी घागरा वर घेतला. परक्या पुरुषापुढे! तो बिचारा भिंतीकडे बघत म्हणाला, "बेन, तोंडपण यायला हवं, नाहीतर कोर्ट विचारेल पाय कुणाचा." मग मी ओढणी सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. लग्नातला फोटो आपल्या चौघांचा एकत्र आहे, त्यात मी अर्धी तुमच्या फेट्यामागे. ह्यात पहिल्यांदा नीट आलेय. काय पण मुहूर्त! सोबत पाठवलाय.

डेरीच्या वहीचं सोडा. चार म्हशी, दोन्ही वेळा, सहा वर्षं मी दूध घातलं. वहीवर नाव रुडाभाईंचं. डेरीतला माणूस म्हणाला, "तुमचं नाव कुठंच नाही, बेन. मी कसं लिहून देऊ?" खरंच आहे त्याचं. रोज मला बघत होता, पण त्याच्या बघण्याला शिक्का कुठला?

तुम्हाला सांगणार नव्हते, सांगते. यांच्यासाठी दुसरी बघतायत. मूलही नाही, आता पायही नाही, म्हणून. माझ्यासमोरच बोलतात. पायाबरोबर माझे कानही कापले असं वाटतं त्यांना. हे अपघातापासून माझ्याकडे सरळ बघत नाहीत. एकदा मात्र मी झोपलेय असं समजून पायथ्याशी बसले आणि गोधडी सारखी केली, जिथं पाय नाही तिथंही. त्यांचा मला राग येत नाही, हेच अवघड होऊन बसलंय.

मला तो दावा हवाय, मोटाभाई. आता हवाय. माझं नाव कुठंतरी लिहिलेलं असावं. फक्त भाभीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग सही करते. त्याआधी नको. का ते विचारू नका.

पमी

---

पालनपूर,
२५ जुलै १९९२

चि. पमी,
आशीर्वाद.

मुलगी झाल्याचा निरोप मफाकाकांनी आणला. मी टँकरपाशीच त्यांना पेढा भरवला. आत्या या नात्यानं तू नाव ठेवलंस, हेतल. आवडलं. कचेरीत सगळ्यांना सांगून झालं.

पण पमी, सव्वा महिन्यानं तरी केसरला पाठवतील ना? मी दोन पत्रं टाकली, तिचं उत्तर नाही. बापांना विचारलं तर "बघू, अशक्तपणा आहे." ती माझ्यावर रागावलीय का? दाव्याचं म्हणताना तापली होती, पण माहेरी गेल्यावर बाप आणि भाऊ डोळ्यांपुढे. बाईचं मन बदलतं. बदललं असेल तर तू लपवू नकोस. पोरीचं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही अजून.

दावा तयार आहे. स्वतः टाइप केला, सत्तावीस पानं. साहेब म्हणाले, "जेसुंगभाई, माझ्यापेक्षा चांगला झाला." सही करायच्या जागी पेन्सिलीनं फुल्या केल्यात, आणि तुझ्याच हातात द्या असं सांगून मफाकाकांबरोबर धाडतोय. साहेब म्हणतात, वही नसली तरी तुझा जबाब आणि फोटो यांवर केस उभी राहते. तू घाबरू नकोस. रुडाबापा आले, पंच आले, सगळी जात आली तरी मी मागे हटणारा नाही.

जेसुंग

---

वासणी,
१८ ऑगस्ट १९९२

मोटाभाई,

केसरभाभी रागावलेली नाही. तुमची पत्रं तिला मिळालीच नाहीत, आणि तिची इथून गेली नाहीत. हे पत्र मी धान्याच्या कोठीमागे बसून लिहितेय.

बापांनी तिला अडवून ठेवलंय. ती आली त्याच आठवड्यात मला म्हणाले, "तुझ्या भावाला कळव, चार सप्टेंबर उलटेपर्यंत केसर इथंच. दावा लागला तर कायमची इथं." हेतल झाल्यावर वर आणखी जोडलं, "मुलगीही इथंच वाढेल, पुढे साटंलोटं करायला कामी येईल." आठ दिवसांचं पोर पाळण्यात, आणि तिच्या लग्नाचा हिशेब! मी तुम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही तिथंच ढासळला असतात. माझ्यामुळे तुमचं घर मोडेल म्हणून सहीही केली नाही. एकदा तुमचे कागद चुलीपाशी नेले होते.

भाभीनं ते माझ्या हातातून हिसकावले. म्हणाली, "पमीबेन, सही कर. दावा एकदा लागला की मला अडवून त्यांना काय मिळणार? दोन तोंडं पोसावी लागतील, महिन्याभरात स्वतः आणून सोडतील. आणि नाही सोडलं तर मी चालत जाईन. मला दोन पाय आहेत." असं म्हणाली आणि मग तोंडावर हात धरून रडायला लागली. मला हसू आलं. खूप दिवसांनी आम्ही दोघी रडलो.

सगळ्या फुल्यांवर सह्या केल्यात. जबाबही लिहिलाय. कसुंबा, डुलणारी मान, माझ्या दोन हाका, नीलगाय नव्हती, सगळं. "माझे पती" असं लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

मफाकाकांकडे देतेय. तुमच्याच हातात द्या असं सांगितलंय. आधी दावा लावा, मोटाभाई. मग भाभीला न्यायला या. हे उलटं करू नका.

पमी

---

पालनपूर,
११ सप्टेंबर १९९२

चि. पमी,
आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. तुझे कागद मला सहा तारखेला मिळाले. मफाकाका कुठं आजारी पडले, दुसऱ्या कुणाकडे दिले, की वाटेत राहिले, काही पत्ता लागत नाही. चार तारीख निघून गेली. मी परीखसाहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, "उशीर माफ करायला कारण पटावं लागतं. आणि वही नाही, पोलिसांच्या कागदावर नीलगाय. सोडून द्या." नशिबात नव्हतं, दुसरं काय म्हणायचं?

केसर आणि हेतल सुखरूप पोचल्या. तिच्या काकांनी आणून सोडलं. केसर फार बोलत नाही, बाळंतपणाचा थकवा असेल. हेतल तुझ्यासारखी दिसते, भुवया तर तुझ्याच.

रुडाबापांचं मन निवळलंय असं कानावर आलं. तुला ते अंतर देणार नाहीत. दुसरी आली तरी तुझी जागा तुझी. तू मोठी, तुझा मान राहील. मी दिवाळीला येऊन जाईन. कुबड्यांच्या टोकांना लावायची रबरं सोबत धाडतोय, पावसाळ्यात घसरायला होतं.

तुझा भाऊ,
जेसुंग

---

वासणी,
२० सप्टेंबर १९९२

मोटाभाई,
पाया पडते.

रबरं नीट बसली. एक थोडं सैल होतं, आत चिंधी घातली.

मफाकाका आजारी नव्हते. एकोणीस ऑगस्टला सकाळी अकरा वाजता कचेरीत तुमच्या हातात त्यांनी पाकीट दिलं, तुम्ही त्यांना चहा पाजलात, वर खारी मागवलीत. ते येऊन मला सगळं सांगून गेले होते. मी चहाचंही विचारलं होतं, मला तेवढंच ऐकायला बरं वाटत होतं. रोज दिवस मोजत होते की आज दावा लागला असेल.

सत्तावीस ऑगस्टला आपल्या मामांचं बारावं होतं. बापा तिथून आले ते फुलून. अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकवलं, "जेसुंगनं माझ्या तळहातावरचा कसुंबा घेतला. तीन घोट. पंचांसमोर. वैर मिटलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहू, तुला मरेपर्यंत सांभाळायचं मी कबूल केलंय." मला वाटलं, खोटं बोलतायत. तुमचं पोट दुखतं ना? नाही म्हणायला काय लागतं, असं तुम्हीच लिहिलं होतंत.

मग त्यांनी केसरभाभीला सांगितलं, आवर, नवरा वेशीपाशी थांबलाय. मी मागच्या भिंतीला धरून उभी राहिले. वडाखाली आपली जीप होती, नवा रंग दिलेली. तुम्ही पुढे बसला होतात, चष्मा पुसत. घर तिथून दोनशे पावलंही नाही. मला येता आलं नसतं, तुम्हाला आलं असतं. भाभी तुम्हाला बघून थबकली, पोर खांद्यावर. तिला सगळं कळलं असणार. मग बसली. दुसरं काय करणार होती?

आणि हाकत होते हे. सोबत बसून यांनीही कसुंबा घेतला होता, दोघांनी मिळून. त्याच जीपमध्ये, त्याच रस्त्यानं, माझी दीड महिन्याची हेतल. तिसऱ्या दिवशी पोचल्याचा निरोप आला तोवर मी पाणीसुद्धा नीट प्याले नाही. मोटाभाई, ह्याचा मात्र मला राग आला. बाकीच्याचा नाही. खरं सांगायचं तर बाकीच्याचाही आला, पण तो मी गिळला. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर अजून सापडत नाही. पाकीट तेव्हा तुमच्या पिशवीत होतं का, एवढं मनात येत राहतं.

दिवाळीनंतर दुसरी येतेय. माझं अंथरूण चारा ठेवतात त्या खोलीत हलवलंय. चंद्री शेजारीच बांधलेली असते, तिची सोबत होते. बापांनी शब्द मोडलेला नाही, ताट वेळेवर येतं. हे परवा दारापर्यंत आले, म्हणाले, "काही हवं का?" मी म्हटलं, नको.

भाभीवर चिडू नका, ती बोलेल हळूहळू. हेतलला माझा गोड पापा. ती मोठी झाली की तिचं साटंलोटं करू नका, एवढं माझं ऐका. ह्याला तरी कुणाच्या सहीची गरज नाही.

दिवाळीला येऊ नका. आलात तर वेशीपाशी थांबू नका.

सत्तावीस पानं जाळून टाका, माझा जबाबही. कुणाच्या हाती लागला तर यांनाच त्रास. फोटो तेवढा परत पाठवा, मफाकाकांबरोबर पाठवलात तरी चालेल. पाय कुणाचा म्हणून आता कुणी विचारणार नाही. पण मोटाभाई, माझ्या एकटीचा तेवढाच फोटो आहे.

पमी